दोन, तीन आणि सात

उमरखेडचा जिल्हा यवतमाळ, पण सामानाला नांदेड जवळ. नव्वदच्या दशकात पैनगंगा ओलांडून मी तिथून पंचवीस पिनांचे कनेक्टर, हूड आणि शिल्डेड केबल आणायचो आणि तालुक्यातल्या बँकांत, कार्यालयांत टर्मिनल जोडून द्यायचो.

बँकांच्या संगणकीकरणाची कथा रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालापासून सांगितली जाते. त्या कथेत केबलचा उल्लेख नसतो, आणि याची मला खंत वाटते. युनिक्सच्या एकाच मशीनवर अख्खी शाखा चालायची. काउंटरवरच्या प्रत्येक टर्मिनलला आणि प्रिंटरला स्वतंत्र केबल लागायची, आणि ती हातानेच बनायची.

या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं; त्याची 'सी' आवृत्ती १९६९ची. ते आखलं गेलं टर्मिनल आणि मॉडेम डोळ्यांपुढे ठेवून. टर्मिनल दोन नंबरच्या पिनवर बोलतं, तीनवर ऐकतं, सात नंबर सामाईक ग्राउंड. मॉडेमचं नेमकं उलट, म्हणून त्याला सरळ केबल चालते. पण टर्मिनल थेट कॉम्प्युटरला जोडलं की दोघंही दोनवरच बोलायला लागतात. मग दोन-तीनची अदलाबदल करायची.

कागदपत्रं नसलेलं यंत्र समोर आलं की मल्टीमीटर काढायचा. काळं टोक सातवर, लाल टोक आधी दोनवर, मग तीनवर. यंत्र गप्प असताना ज्या पिनवर उणे दहा-बारा व्होल्ट दिसतील, ती त्याची बोलायची पिन. एवढं कळलं की तार सोलायची, टोकाला कथील चढवायचं, स्लीव्ह आधी ओवून ठेवायची आणि मगच डाग द्यायचा.

खरी परीक्षा प्रिंटर घ्यायचे. 'थांब' हा निरोप कुणी वीस नंबरवर देई, कुणी अकरावर. तो कॉम्प्युटरच्या पाच नंबरवर पोहोचला नाही, तर सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने येणारा मजकूर प्रिंटरच्या स्मृतीत मावत नसे आणि लेजरमधल्या मधल्याच ओळी गायब होत. एका शाखेत हिशेब जुळेना म्हणून सगळे प्रोग्रामला दोष देत होते. उणीव होती ती एका तारेची.

मानकाने केबलची लांबी पन्नास फूट धरली होती. इथे स्ट्राँगरूमला वळसा घालून ती सहज त्यापुढे जाई. तरी वेग उतरवला की काम चाले. पावसाळ्यात मात्र वीज कडाडली की १४८८ आणि १४८९ या चिप जायच्या; म्हणून दोन टोकांचं अर्थिंग एक आहे ना, हे मी आधी तपासायचो.

या कामाची शाळा नव्हती. प्रत्येक यंत्राची जोडणी आम्ही वहीत उतरवायचो आणि एकमेकांना द्यायचो. तालुक्याच्या गावात संगणक आला तो अशा वह्यांच्या बळावर. वजनकाट्यांवर आजही हीच सिरियल जोडणी भेटते, तेव्हा त्या वह्या रद्दीत न घालता जपायला हव्यात.