रायपूरचे माधवदास रामदासी

लिहिणाऱ्याने आपले नाव झाकून ठेवावे ही चाल मराठीला नवी नाही. ‘केशवसुत’, ‘गोविंदाग्रज’, ‘बी’ ही नावे आज त्या कवींच्या खऱ्या नावांहून अधिक परिचयाची आहेत. परंतु ती बहुतांशी आवडीने घेतलेली होती. लेखन जेव्हा व्यवसायाच्या रूपाने बाजारात उतरते, छापखाना, वर्गणीदार आणि सरकारी दप्तर यांच्याशी त्याची गाठ पडते, तेव्हा नावाचा प्रश्न निराळेच रूप घेतो. रायपूरच्या माधवराव सप्रे यांच्या आयुष्यात तो फार कठोरपणे उभा राहिला.

सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडचे. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत होता आणि त्याच्या आगेमागे तिकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबे हिंदी आपलीशी करून बसली होती. पेंड्र्याच्या राजकुमारांचे शिक्षक असताना, १९०० च्या जानेवारीत, सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक होते व रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक. तीन मराठी माणसांनी हिंदीसाठी मांडलेला हा संसार तीन वर्षे चालला. छपाई आरंभी रायपुरात व पुढे नागपुरात होई.

या धंद्यात कोणाचे नाव उघड असावे लागे, हे १८६७ च्या कायद्याने ठरवून टाकले होते. प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण हवे. नियतकालिकाच्या मुद्रकाने व प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसे लिहून द्यावयास हवे. लेखकाचे नाव मात्र कायदा विचारीत नव्हता. संपादकाचे नाव अंकावर छापण्याची सक्तीदेखील १९२२ मध्ये आली. म्हणजे लिहिणाऱ्याला पडद्याआड बसण्याची मुभा होती. पण पडदा धरून उभा राहणारा कोणीतरी नावानिशी सरकारला ठाऊक असे. १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली जी कविता आली, तिच्याखाली भवानी तलवारीची खूण होती, कवीचे नाव नव्हते. खटला भरला गेला तो टिळकांवर व मुद्रकावर. मुद्रक सुटले, टिळकांना दीड वर्षाची सजा झाली.

हे उदाहरण डोळ्यांपुढे असतानाच सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. पुढल्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि महिन्याभरात, ऑगस्ट १९०८ मध्ये, सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. तुरुंगाची त्यांची तयारी होती. परंतु थोरल्या बंधूंनी जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा केली, आणि सप्रे यांनी माफी लिहून दिली. ते सुटले. ज्या नावाने पत्र चालविले, त्याच नावाची सही त्या माफीखालीही झाली. सुटकेने घर वाचले. पण मित्रांपुढे उभे राहण्याचे बळ उरले नाही.

वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर ते रामदासी पंथात राहिले. कलकत्ता विद्यापीठाच्या या बी. ए. ने माधुकरी मागून दिवस काढले. मग रायपूरला परतून त्यांनी पुन्हा लेखणी धरली, तेव्हा मासिकांतील लेखांखाली सही येऊ लागली ती ‘माधवदास रामदासी’ अशी.

याला लपणे म्हणावे काय? १९१० च्या मुद्रणकायद्याने नव्या छापखान्यांकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागण्याचा अधिकार सरकारला दिला होता. पोलिसांच्या टिपणवहीत चढलेले नाव छापणे चालकांना जड जात असावे, आणि टोपणनावाने त्यांची अडचण थोडी हलकी झाली असेल. पण हे नाव आडोसा म्हणून फारच तोकडे होते. त्यात माधव तसाच राहिला होता आणि राहण्याचा पंथही सांगितलेला होता. रायपुरातील शाळकरी पोरानेही ते ओळखले असते. दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणारा तो तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला माणूस शेवटी १७७६ मध्ये प्राणास मुकला तो त्यामुळे. सप्रे यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. स्वतःच्याच नावातील प्रतिष्ठेचा भाग, ते ‘राव’ आणि ते आडनाव, तेवढा काढून ठेवला. सरकारपेक्षा स्वतःपासूनच त्यांना काही दूर ठेवावयाचे होते, असे वाटते.

या काळात त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढे मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या हिंदी अनुवादाचे काम सप्रे यांच्याकडेच आले, आणि त्या ग्रंथावर अनुवादकाचे नाव ‘माधवराव सप्रे’ असे स्वच्छ छापलेले आहे.

१९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला. त्यामागची खटपट मुख्यतः सप्रे यांची; संपादक मात्र माखनलाल चतुर्वेदी. खांडव्याला शिक्षक म्हणून राहिलेले हे गृहस्थ कवितेखाली ‘एक भारतीय आत्मा’ अशी सही करीत. कवितेला ते नाव पुरले. १९२१ मध्ये बिलासपूरच्या भाषणाबद्दल त्यांना अटक झाली ती उघड्या नावाने, कारण व्यासपीठावर टोपणनाव चालत नाही.

सप्रे १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे सभापती झाले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच वारले. भोपाळला जुन्या वृत्तपत्रांचे जे संग्रहालय १९८४ मध्ये स्थापन झाले, त्याला त्यांचेच नाव दिलेले आहे, आडनावासकट.