पारणं नसलेला उपास

मंडळी, अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, आपल्या घरांत मुलीचं कौतुक ठरलेलं असतं. "कध्धी त्रास दिला नाही हो हिनं!" आम्हा शिक्षकांचे प्रगतिपुस्तकातले लाडके शेरेही तेच : आज्ञाधारक, नीटनेटकी, अभ्यासू. एका आजाराच्या इतिहासात मात्र हे शब्द वेगळ्याच अर्थाने भेटतात.

१८७३ साली लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी जेवण टाकणाऱ्या तरुण मुलींची वर्णनं केली. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचं. अंगावर मांस उरलं नसताना या मुली स्वस्थ बसत नाहीत, याचं त्यांना नवल वाटलं होतं. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. हिल्डे ब्रूख यांनी 'द गोल्डन केज' या पुस्तकात लिहिलं, की आजारापूर्वी यांतल्या बहुतेक मुली गुणी, हुशार, सगळ्यांचं ऐकणाऱ्या होत्या. आपल्या हातात असलेली एकच गोष्ट त्यांना सापडली... भूक.

पण सगळा दोष स्वभावाला देऊ नये. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे, एकलकोंडे झाले. डोक्यात सतत अन्नाचाच विचार. म्हणजे हट्टीपणा वाटतो तो पुष्कळदा उपासमारीचा परिणाम असतो. म्हणून आधी अन्न, मग उपदेश.

दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात "मी जाड आहे" हा पाश्चात्य पुस्तकांतला ठळक समज दिसला नाही. त्यामुळे आपल्याकडे हा आजार ओळखणं अवघड. त्यात उपासाचं आपल्याला कौतुक! पण संकष्टीला चंद्रोदय असतो, एकादशीला द्वादशीचं पारणं असतं. या उपासाला पारणंच नसतं.

गल यांच्या मते अशा रुग्णांच्या शुश्रूषेला नातेवाईक सर्वांत अयोग्य. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात उलट विचार झाला : आईवडिलांनाच उपचारात घ्यायचं. १९८७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजार फार जुना नसलेल्या कोवळ्या वयाच्या मुलींना त्याचा चांगला उपयोग झालेला दिसला.

म्हणून आत्या-मावश्यांनो, काका-मामांनो, नात "मी जेवून आलेय" असं रोजच म्हणू लागली, पाळी थांबली, कपडे ढगळ होत गेले, तर रागावू नका, थट्टाही नको. डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे.

आणि एखाद्या दिवशी तिनं हट्ट केला, तर तोही थोडा कौतुकानं ऐका.