शेवटचे विमान अमृतसरहून

मे महिन्यातल्या प्रवासाचे पैसे आपण फेब्रुवारीतच भरून मोकळे होतो. वाण्याला पैसे दिले की सामान पिशवीत पडते. इथे हाती येतो तो सहा अक्षरांचा पीएनआर. मधल्या तीन महिन्यांत ते पैसे इंधनात, पगारात, विमानांच्या भाड्यात खर्च होऊन गेलेले असतात. म्हणजे आपण कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उसने पैसे दिलेले असतात आणि आपल्या मनात मात्र तिकीट ‘कन्फर्म’ असते. याचा अर्थ मुंबईतल्या असंख्य घरांना एप्रिल २०१९मध्ये, जेट एअरवेज बंद पडली त्या एका आठवड्यात कळला.

बुधवार, १० एप्रिल. उरले ७ दिवस.
अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळावर मुंबईला निघायचे जेट एअरवेजचे बोइंग ७७७ एका मालवाहतूक कंपनीने थकबाकीपोटी अडकवून ठेवले. आजार जुना होता. ३१ डिसेंबरला बँकांचा हप्ता चुकला होता, कर्ज ८,००० कोटी रुपयांच्या वर गेले होते. भाडे थकल्यामुळे १२०च्या आसपास विमानांचा ताफा एकेक करत जमिनीवर बसत होता. २५ मार्चला संस्थापक नरेश गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले आणि स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँका १,५०० कोटी घालणार असे जाहीर झाले. तिकीट काढून बसलेल्या लोकांचा जीव भांड्यात पडला. ते पैसे पुरते कधी आलेच नाहीत.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. हप्ता चुकल्याचे कंपनीने शेअर बाजाराला कळवले. ज्याने सुट्टीसाठी चार जणांचे पैसे आगाऊ मोजले होते, त्याला स्वतंत्रपणे कळवण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती.

गुरुवार, ११ एप्रिल. उरले ६ दिवस.
संध्याकाळी परदेशी उड्डाणे थांबली. आधी काही दिवसांपुरती, मग पुन्हा काही दिवसांपुरती. लंडन आणि सिंगापूरची तिकिटे हातात असलेली माणसे नवी तिकिटे शोधू लागली, तर भाडी भडकलेली. म्हणजे पहिले पैसे अडकले ते अडकलेच, वर दुसऱ्यांदा जास्त मोजायचे.

सोमवार, १५ एप्रिल. उरले २ दिवस.
बँकांची बैठक झाली. निर्णय नाही.

मंगळवार, १६ एप्रिल, दिवसभर.
मुंबईत संचालक मंडळ बसले. उडत होती फक्त पाच विमाने. मुख्य कार्यकारी अधिकारी विनय दुबे यांनी बँकांकडे शेवटची विनंती करावी असे ठरले. वृत्तपत्रांत आकडा आला तो तातडीच्या ४०० कोटींचा. कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते, तरी वैमानिक, हवाई कर्मचारी, विमानतळावरची माणसे कामावर येतच होती. त्यांचीही उधारीच होती, प्रवाशांसारखी.

मंगळवार, रात्री उशिरा. उरले २४ तासांहून कमी.
स्टेट बँकेने सर्व बँकांच्या वतीने कळवले: तातडीची मदत देता येणार नाही. त्या घटकेला निकाल लागला होता. दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशाने मात्र रात्री निश्चिंत मनाने बॅग भरली असेल.

बुधवार, १७ एप्रिल, सकाळ.
महावीर जयंती, शेअर बाजार बंद. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या १० मतदारसंघांत लोकसभेचे मतदान, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिकडे.

बुधवार, संध्याकाळ.
कंपनीने निवेदन काढले: पैशांअभावी इंधन आणि इतर आवश्यक सेवांची बिले भागवणे शक्य नाही, सर्व उड्डाणे तात्पुरती स्थगित. ‘तात्पुरती’ हा शब्द किती जणांना आशेवर ठेवून गेला!

बुधवार, रात्री साडेदहाच्या सुमारास.
अमृतसरहून मुंबईकडे ९डब्ल्यू २५०२ हे शेवटचे विमान निघाले. मध्यरात्रीनंतर ते मुंबईत उतरले. जेटचे पहिले प्रवासी उड्डाण ५ मे १९९३ला झाले होते. २६ वर्षे पूर्ण व्हायला १८ दिवस उरले होते.

गुरुवार, १८ एप्रिल.
बाजार उघडताच शेअर कोसळला, दिवसभरात किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. शेअरवाला निदान विकू तरी शकत होता. पीएनआर कोणाला विकणार? लोक एजंटाकडे धावले. पण एजंटाने पैसे आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशेबातून कंपनीकडे केव्हाच भरलेले. आयाटाने जेटला आपल्या हिशेब-मिटवणीच्या व्यवस्थेबाहेर काढले आणि रिफंडचा तोही रस्ता बंद झाला.

२० जूनला मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. प्रवाशाला आता दाव्याचा अर्ज भरून रांगेत उभे राहायचे होते. ही रांग कायद्याने लावून दिलेली आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३प्रमाणे कंपनी मोडीत निघाली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. त्यानंतर ‘उरलेली देणी’. त्यात इंधन पुरवणारे, जेवण पुरवणारे आणि आपण. आपल्या मागे फक्त भागधारक. तिथवर पैसा पोचतच नाही. ज्याने सगळे पैसे आगाऊ दिले, तो इतक्या मागे उभा आहे, हे मला आजही पटत नाही.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहाटे २ वाजता लंडनमध्ये १७८ वर्षांची थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली. (भारतातली थॉमस कुक २०१२पासूनच वेगळ्या मालकीची, तिला धक्का लागला नाही.) दीड लाखाच्या वर ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले होते. तिथे ‘अ‍ॅटॉल’ नावाची योजना १९७०च्या दशकापासून आहे: विमानासह पॅकेज सहल विकणारी कंपनी दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरते. त्या पहाटेच हवाई नियामकाने भाड्याने घेतलेली विमाने धाडायला सुरुवात केली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ सगळे घरी आणले. पुढच्या पॅकेज सहलींचे पैसे निधीतून परत मिळाले. कंपनी तिथेही बुडाली, हजारोंच्या नोकऱ्या तिथेही गेल्या. पॅकेज घेतलेल्यांची पुंजी मात्र वाचली.

आपल्याकडे २ मे २०२३ला गो फर्स्ट या विमान कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. पुन्हा मुंबईचीच कंपनी, पुन्हा ऐन सुट्टी. ३ मेपासून थांबलेली तिची विमाने परत उडाली नाहीत. जेट मोडीत काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ला दिला. अमृतसरचे विमान उतरून तेव्हा साडेपाच वर्षे उलटली होती.

आपल्या तिकिटावर विमानतळ विकासाचे शुल्क असते, सुरक्षेचे शुल्क असते. त्यात प्रवाशाच्या आगाऊ पैशांच्या हमीचे काही रुपये का नसावेत? किंवा विमान उडेपर्यंत भाडे वेगळ्या खात्यात का राहू नये? हा प्रश्न नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला आणि आपल्या खासदाराला विचारा, लेखी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दूरच्या तारखेचे तिकीट काढायचेच असेल तर क्रेडिट कार्डाने काढा. कंपनी बंद पडल्याचे कळताच त्याच दिवशी आपल्या बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवण्याचा, अर्ज करा. त्याची मुदत असते.