जपानी नौदलाच्या वैमानिकांच्या टोप्या

जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, तरवारी, सनदा असल्या वस्तूंचा संग्रह करणारीं माणसें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु दुसऱ्या महायुद्धांत जपानी नौदलाच्या वैमानिकांनीं डोक्यावर घातलेल्या टोप्या शोधून काढणें व पारखून जतन करणें हाहि एक छंद आहे, आणि अमेरिका, इंग्लंड व खुद्द जपान ह्या देशांत त्याचे उपासक थोडेथोडके नाहींत. ह्या वैमानिकांचा आपल्याशीं संबंध अगदींच आला नाहीं असें नव्हे. १९४२ सालच्या एप्रिलच्या ६ तारखेस विशाखापट्टणम् व काकिनाडा ह्या बंदरांवर बाँब पडले, ते जपानी नौदलाच्याच विमानांनीं टाकलेले होते.

जपानचें हवाई दल म्हणून निराळें असें कांहीं नव्हतें. लष्कराचे वैमानिक वेगळे, नौदलाचे वेगळे. त्यामुळें संग्राहकाची पहिली परीक्षा सोपी असते. टोपीच्या कपाळावर पंचकोनी तारा असेल तर ती लष्कराची, आणि नांगर व चेरीचें फूल असेल तर नौदलाची. पण ह्यापुढें वाट अवघड होते.

वैमानिकाजवळ टोप्या एकाहून अधिक असत. विमानांत बसतांना घालावयाची ती कातड्याची, कान झांकणारी व हनुवटीखालीं बांधावयाची. थंडीच्या दिवसांतील टोपीला आंतून सशाच्या लोंकरीचें अस्तर असे, आणि ह्या लोंकरीसाठीं जपानांत घरोघरीं, शाळांतूनसुद्धां, मुलें ससे पाळीत. जमिनीवर वावरतांना घालावयाची टोपी वेगळी. अधिकाऱ्याची टोपी पोलीस अधिकाऱ्याच्या टोपीसारखी, पुढें छज्जा असलेली. साध्या खलाशाची चपटी व वाटोळी, फितीवर अक्षरें असलेली. शिवाय रोजच्या कामासाठीं साधी कापडी टोपी असे. तिच्यावर अधिकाऱ्यास दोन काळसर पट्ट्या, त्याखालच्या दर्जाच्या नायकास एक, आणि खलाशास एकहि नाहीं. अधिकारी आपली टोपी पदरच्या पैशानें घेई, म्हणून तींत दुकानाची चिठ्ठी सांपडते. खालच्या लोकांना ती सरकारांतून मिळे, म्हणून तींत शिक्का सांपडतो.

ह्या जमिनीवरच्या टोप्यांत ती घालणारा विमान चालवीत होता कीं बोटीवर कोळसा ओढीत होता, हें सांगणारी एकहि खूण नाहीं! नांगर आणि फूल सर्वांना सारखेंच. वैमानिकांपैकीं बहुतेक अधिकारीहि नव्हते, नायकाच्या दर्जाचे होते. साकाई साबुरो ह्या प्रसिद्ध लढवय्याचेंच उदाहरण घ्या. १९४२ च्या ऑगस्टच्या ७ तारखेस ग्वाडलकनालवर त्याच्या डोक्यास गोळी लागली, उजव्या डोळ्याची दृष्टि गेली, आणि तशा स्थितींत सुमारें एक हजार किलोमीटर विमान हांकीत तो रबौलला परतला. असा हा पुरुष त्या वेळीं अधिकारी नव्हता. तेव्हां दोन पट्ट्यांची टोपी दाखवून "ही वैमानिकाची" असें जो विक्रेता सांगतो, त्याचें म्हणणें पट्ट्यांवरून मुळींच सिद्ध होत नाहीं.

पोरसवदा वयाच्या वैमानिकांची गोष्ट तर ह्याहून चटका लावणारी आहे. १९३० सालीं नौदलानें योकोसुका येथें मुलांना वैमानिक करण्यासाठीं एक शिक्षणक्रम सुरू केला. त्यास थोडक्यांत योकारेन म्हणत. सुमारें पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें परीक्षा देऊन येत. आरंभीं त्यांना साध्या खलाशाचाच पोषाख व चपटी टोपी मिळे, आणि तें त्यांना खटके. १९४२ सालीं हा पोषाख बदलला. सात गुंड्यांचा आंखूड कोट आणि छज्जाची टोपी आली. पुढच्याच वर्षीं त्यांच्यावर चित्रपट निघाला, गाणें निघालें आणि देशभर झालें. मी मास्तर होतों म्हणून म्हणतों, त्या वयाच्या मुलास एक टोपी बदलून द्या, तो कोठपर्यंत जाईल ह्याचा अंदाज सरकारला बरोबर असतो. ह्या शिक्षणक्रमांत युद्ध संपेपर्यंत सुमारें २ लक्ष ४० हजार मुलें दाखल झालीं. त्यांपैकीं सुमारें २४ हजार रणांगणावर गेलीं, आणि गेलेल्यांपैकीं शेंकडा ८० परत आलीं नाहींत.

आतां बाजाराकडे वळूं. कोणतीहि कातडी टोपी "कामिकाझेची" म्हणून विकली कीं तिची किंमत चढते. वास्तविक हे आत्मघातकी हल्ले १९४४ च्या ऑक्टोबरांत फिलिपाईन्समध्यें सुरू झाले. त्याआधींच्या टोपीचा त्यांच्याशीं संबंध काय? शिवाय साधा विचार करावा. जो त्या मोहिमेवर गेला त्याची कातडी टोपी त्याच्याबरोबर समुद्रांत गेली. जी टोपी आज आपल्या हातीं आहे तिचा धनी त्या उड्डाणास गेला नाहीं, किंवा गेला तो ही टोपी घालून नव्हे. मागें राहिली असेल तर ती जमिनीवरची टोपी, बराकींतल्या खुंटीवरची.

नकलाहि पुष्कळ निघाल्या आहेत. अतिनील प्रकाशाखालीं धरल्यास युद्धोत्तर काळचा दोरा बहुधा निळसर पांढरा चमकतो, कारण कापड उजळविणारीं रसायनें त्या काळानंतर सर्रास वापरांत आलीं. अस्सल टोप्या कमी असण्याचें कारणहि साधेंच आहे. शरणागतीनंतर जपानांत कापडाचा एवढा दुष्काळ पडला कीं घरीं परतलेल्या लोकांनीं त्याच टोप्या फाटेपर्यंत वापरल्या. उरलेल्यांपैकीं बऱ्याच अमेरिकन शिपायांनीं आठवण म्हणून नेल्या.

म्हणजे पुराव्याचें स्थान एकच राहिलें: टोपीच्या आंतील नांव. आपल्याकडे आया मुलांच्या टोपीत शाईनें नांव घालीत, तसेंच तेथें शाईनें लिहिलेलें असतें. ह्या नांवानें टोपीची किंमत वाढते, आणि त्याच नांवानें ती संग्राहकाची राहात नाहीं असें मला वाटतें. कारण नांव आलें कीं त्यामागें घर आलें. सह्या केलेले जपानी झेंडे त्या त्या कुटुंबास परत पोंचविणारी एक संस्था अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत आहे. झेंड्यावर बहुधा पुरें नांव असतें. टोपींत पुष्कळदां नुसतें आडनांवच असतें, आणि सातो किंवा सुझुकी हीं आडनांवें तिकडे आपल्या पाटील-कुलकर्ण्यांइतकीं पसरलेलीं. तरी शोध घेणें अशक्य नाहीं. इबाराकी प्रांतांत आमी येथें, कासुमीगाउरा सरोवराजवळ, योकारेनच्या मुलांचें स्मारक-संग्रहालय २०१० सालीं उघडलें आहे. ज्याच्या हातीं अशी टोपी येईल त्यानें निदान आंतील पट्टी उसवूं नये, अक्षरें धुऊं नयेत, आणि तिचें छायाचित्र अशा ठिकाणीं धाडावें.