एअरगन व एअरसॉफ्ट (डहाणू-तलासरी)

दाबलेल्या हवेच्या किंवा स्प्रिंगच्या जोरावर छर्रा उडवणारी ती एअरगन. बोलीत छर्ऱ्याची बंदूक. एअरसॉफ्ट हा तिचा जपानमध्ये रुजलेला खेळातला प्रकार, साधारण 6 मिमीच्या प्लास्टिक गोळ्यांचा. चैत्रात विवळवेढ्याला भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेत फुगे फोडायला मिळते ती छर्ऱ्याचीच : नळी मोडायची, शिशाचा छर्रा बसवायचा, नेम धरायचा.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार जे केवळ खेळणे म्हणूनच वापरता येते आणि कामाच्या हत्यारात बदलता येत नाही, ते ‘शस्त्र’ ठरत नाही. एअरगनची जुनी कसोटी मोठी मजेशीर होती : पाच फुटांवरून मारलेला छर्रा इंचभर जाडीच्या मऊ लाकडी फळीच्या आरपार गेला नाही, तर परवाना नको. शस्त्र नियम, 2016 ने फळीऐवजी आकडे आणले. नळीचा व्यास 4.5 मिमीहून किंवा छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलहून जास्त असेल तर परवाना लागतो. ठाण्याचा नेमबाज रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत विश्वविजेता झाला, त्या 10 मीटर प्रकारातली रायफल 4.5 मिमीचीच. एअरसॉफ्टचा जोर किरकोळ, पण व्यास मोठा. त्यामुळे ती आपोआप सुटते, हे दुकानदाराचे म्हणणे डोळे झाकून मानू नये. नकली बंदुकीचे खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करायलाही कलम 6 खाली परवाना लागतो.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाल्यापासून इथल्या परवान्यांचे काम ठाण्याऐवजी पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

डहाणूत खरी अडचण मात्र परवान्याची नाही, नेमाची आहे. चिकूच्या वाडीत पोपट आणि वटवाघळे उतरली की बागायतदाराला छर्ऱ्याची बंदूक आठवते. ती विनापरवाना चालणारी असली, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली पोपट मारणे ही शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फळे खाणारी वटवाघळे पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली. दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. वाडीला जाळी लावणे हाच बिनधोक उपाय.

शस्त्र कायदा केंद्राचा, म्हणून अच्छाडची हद्द ओलांडून गुजरातमधल्या उंबरगावात गेले तरी तोच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश मात्र ज्या भागासाठी निघतात तेवढ्यापुरतेच असतात. ते लागू असताना बंदूक घेऊन रस्त्यावर निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारलेले बरे.