काविळीबरोबर मूत्रपिंड बिघडते तेव्हा
लेप्टोस्पायरोसिसच्या तीव्र रूपाला ‘वाइलचा आजार’ म्हणतात. हायडेलबर्गच्या अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यामागचा मळसूत्री आकाराचा जंतू मात्र पुढे जपानमध्ये इनाडा आणि इडो या संशोधकांना सापडला. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हा जंतू बिनबोभाट राहतो, त्यांच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि माणसाच्या पायावरच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतून आत शिरतो. ओलसर, किंचित अल्कधर्मी जमिनीत तो कित्येक आठवडे तगतो. धार-देवासकडची माळव्याची काळी, पाणी धरून ठेवणारी माती पावसाळ्यात तशीच असते. म्हणून तिकडच्या ‘तापाबरोबरच्या काविळी’कडे केवळ यकृताचा विकार म्हणून पाहणे धोक्याचे.

रक्तातून जंतू मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांपर्यंत पोचतात. नलिका आणि त्यांच्यामधल्या ऊतींना सूज येते. विशेष म्हणजे सुरुवातीला लघवी बहुधा कमी होत नाही आणि रक्तातले पोटॅशियम, मूत्रपिंड बिघडल्यावर एरवी वाढते ते, इथे घटते. लघवी आटली तर स्थिती गंभीर समजावी. विषाणूजन्य काविळीत यकृताची विकरे भरमसाट वाढतात, इथे बिलिरुबिन खूप चढूनही ती त्या मानाने थोडीच वाढतात. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन आणि गरज पडल्यास वेळेवर डायलिसिस मिळाले, तर मूत्रपिंड बहुतेकदा पूर्ववत होते.