चोक गेला, सेन्सर आला

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात इंजिन किती गार आहे ते ड्रायव्हर ठरवायचा आणि चोक ओढायचा. २००० साली देशभर ‘इंडिया २०००’ हे धुराचे नियम आले, पुढे कडक होत गेले. कार्ब्युरेटर गेला, चोकचं काम कूलंट टेंपरेचर सेन्सरकडे आलं. आत थर्मिस्टर: तापला की रोध कमी. हा गुणधर्म फॅरेडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता!

वायर तुटली तर कॉम्प्युटर ओळखतो, दिवा लावतो. पण सेन्सर थोडंसंच खोटं बोलला तर? तापलेलं इंजिन गार समजून बिचारा पेट्रोल ओतत बसतो, ॲव्हरेज पडतं.

म्हणून मी सांगेन, आमच्या कर्वेनगरात रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा. कूलंट आणि हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. नसेल तर आधी कनेक्टर बघा, मग सेन्सर बदला.